चार नंबरचं अंथरूण

हुरडा आल्याचं आम्हाला शेतातून कळायच्या आधी फोनवरून कळतं. ज्वारी अजून चिकात असते, दाणा दाबला तर दूध येतं, आणि तिकडे पुण्याहून विचारणा सुरू होते, "हुरडा चालू झाला का हो?" दुकान उघडलं का, असं विचारावं तसं विचारतात. मी सांगते, अजून आठ दिवस थांबा. मग ते आठ दिवस मला बसायला सवड नसते. खोल्या झाडायच्या, गाद्या उन्हात टाकायच्या, उशांचे अभ्रे धुवायचे, शेंगांची चटणी कुटून बरणीत भरायची, आणि आगटीसाठी गोवऱ्या कोरड्या जागी रचून ठेवायच्या. आगटी म्हणजे कणसं भाजायचा खड्डा. गुडघाभर खोल असतो, काठाला बसून हात शेकता येतात. दरवर्षी पहिली आगटी पेटते आणि तो धूर डोळ्यात जातो, तेव्हा मला हिवाळा आठवत नाही. मला एक उन्हाळा आठवतो.

अक्कलकोटहून मैंदर्गीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं शेत लागतं. रस्त्याकडच्या मुरमाड तुकड्यात काही पिकत नव्हतं, तिथे आम्ही चार खोल्या बांधल्या आणि बाहेर 'शेतघर' अशी पाटी लावली. वर्षभर अक्कलकोटला दर्शनाला येणारी कुटुंबं एक-दोन मुक्काम करतात, थंडीत हुरड्याची गिऱ्हाईकं येतात. गिऱ्हाईक हा शब्द आमच्या ह्यांना आवडत नाही, ते पाहुणे म्हणतात. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही, हा त्यांनी पहिल्या दिवशी घातलेला नियम. जास्तीची चादर मागितली, द्यायची. पहाटे चहा मागितला, द्यायचा. एका बाईंनी शहाळं मागितलं तेव्हा हे भर दुपारी मोटारसायकलवरून अक्कलकोटला जाऊन आले आणि वर "आमच्याकडे शहाळी असतातच" असं सांगितलं. आल्या माणसाला दारात गूळ-पाणी मिळतं, मग तो पैसे देऊन राहणारा असो की आत्याचा मुलगा असो. नात्यातला असेल तर गुळासोबत भाजलेल्या शेंगा असतात, एवढाच फरक.

खोल्यांतल्या चादरी सिद्रामकाकांनी आणून दिल्या. सिद्रामकाका म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे, रेखाचे वडील. सोलापुरात यंत्रमागावर त्यांची हयात गेली. मागांच्या खडखडाटात कान गेले, त्यामुळे ते फोनवरही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलतात. आम्ही खोल्या बांधतोय म्हटल्यावर ते स्वतः एसटीने चादरींचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक चादर उलगडून, काठ बोटात धरून दाखवली, "ही माझ्या मागावरची हाय, ही बी. ह्या दोन दुसऱ्याच्या हायत, पन चांगला इनकर हाय त्यो." मला त्यातलं काही कळलं नाही. सगळ्या चादरी मला सारख्याच दिसल्या, आणि आपल्या धंद्याच्या दृष्टीने तेच बरं असं मी मनात म्हटलं.

यंदा गाद्या उन्हात टाकत होते तेव्हा सोमनाथ भाऊजींचा फोन आला. भाऊजी माझे धाकटे दीर, रेखाचा नवरा, पिंपरीत एका कारखान्यात आहेत. म्हणाले, "वैनी, रेखा म्हणती औंदा हुरड्याला जाऊ. ऱ्हायाला येतो एक रात."

मी गादीवर बसले. शांतव्वा, आमच्याकडे खोल्यांची साफसफाई करते ती, काठीने दुसरी गादी झोडपत होती. ती थांबली आणि कन्नडमध्ये विचारलं, काय झालं? मी म्हटलं, रेखा येतेय मुक्कामाला. शांतव्वाने काठी खाली ठेवली.

त्याचं कारण असं, की त्या उन्हाळ्यानंतर रेखा आमच्या घरी एकदाही झोपलेली नाही. पाच हिवाळे गेले, हा सहावा. भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीला येते, मामंजींना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, भेटायला येते, माझ्याबरोबर स्वयंपाकाला बसते, भाकरी माझ्यापेक्षा पातळ करते. आणि चार वाजले की पदराला हात पुसून उठते, "अक्का, निघते. सोलापूरला बाबा वाट बघत असतील." मुक्काम माहेरी. मी दरवेळी म्हणते, राहा की. ती दरवेळी म्हणते, पुढच्या खेपेला. हे इतक्या गोडीने होतं की बघणाऱ्याला काही कळणार नाही. मला कळतं. त्या 'पुढच्या खेपे'ची मी पाच वर्षं वाट बघत होते, आणि ती आली तेव्हा मी उन्हातल्या गादीवर बसूनच राहिले.

त्या वर्षीही हुरडा चांगला झाला होता. खोल्यांना महिनाभर श्वास नव्हता. नंतर दर्शनाची माणसं चालू झाली आणि मग कोरोना आला, एकदम सगळं थांबलं. शेवटचं कुटुंब कोल्हापूरचं होतं. मंदिर बंद झालं, आता लवकर निघा, असं कुणीतरी त्यांना फोनवर सांगितलं आणि त्यांनी ताटातली भाकरी कागदात गुंडाळून घेतली. गाडी वळली तेव्हा त्यांच्या बाईंनी काचेतून हात केला. त्यानंतर आमच्या फाटकासमोर गाडी थांबायला दिवाळी उजाडली.

रिकामी खोली फार लवकर बिघडते हे मला तेव्हा कळलं. माणूस राहत असला की खोली आपोआप राहते. नसला की आठ दिवसांत नळाला गंज, पंधरा दिवसांत कोपऱ्यात वारूळ. दोन नंबरच्या खोलीत चिमणीने पंख्याच्या वाटीत घरटं केलं. तीन नंबरच्या खोलीत एसी होता. कांद्याचा बाजार बंद होता आणि कांदाचाळीत जागा नव्हती, म्हणून ह्यांनी त्या खोलीत कांदा पसरला. पलंग उभा करून भिंतीला लावला आणि फरशीवर गुडघाभर कांदा. मामंजी रोज काठी टेकत जाऊन बघून यायचे आणि म्हणायचे, "एसीतला कांदा. ह्याच्या बापजाद्यानं बघितला नसंल." हसू यायचं. मी तरीही रोज सकाळी एक आणि चार नंबरच्या खोल्या झाडायची, चादर ताणून कोपरे दुमडायची. खोल्या चालवणाऱ्यांच्या एका शिबिरात मला ते शिकवलं होतं, कोपरा असा दुमडायचा की पाकिटाचं झाकण वाटलं पाहिजे. येणारं कुणी नव्हतं. पण ते कोपरे मोडले तर आपलं सगळं मोडलं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

ज्या वेबसाइटवर आमच्या खोल्या लावल्या होत्या, तिचे मोबाइलवर निरोप यायचे. आधी रद्द, रद्द, रद्द. मग रद्द करायलाही काही उरलं नाही तेव्हा सूचना यायला लागल्या. आपल्याकडील स्वच्छतेची माहिती भरा. खोल्या निर्जंतुक कशा करता ते सांगा. फोटो टाका, व्हिडिओ टाका, पाहुण्यांचा विश्वास परत मिळवा. मी ते चष्मा लावून दोनदा वाचायची. विश्वास गेला कधी, हेच मला समजत नव्हतं.

वैशाखात भाऊजींचा कारखाना बंदच राहणार असं दिसलं तेव्हा पास काढून ते तिघं आले, भाऊजी, रेखा आणि सात वर्षांची अनू. गावात ठरलं होतं की बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस शाळेत राहायचं. ह्यांनी सरपंचांना सांगितलं, आमच्याकडे खोल्या आहेत, रस्त्याकडेला आहेत, चार नंबर सगळ्यांत टोकाला आहे. सरपंच म्हणाले ठीक आहे, पण गडबड झाली तर तुमची जबाबदारी.

मामंजींना दमा. म्हणून मी नियम केले. शिबिरात नाही शिकवले, माझे मीच केले. चार नंबरच्या ओट्यापुढे चुन्याची रेघ ओढली. रेघेवर एक दगड ठेवला. दगडावर ताट ठेवायचं, मागे यायचं, मग त्यांनी उचलायचं. ते आले त्या दिवशी उन्हाने डांबर पातळ झालं होतं. मोटारसायकलवर तिघं आणि पिशव्या. अनूचा चेहरा वाळल्या खारकेसारखा झालेला. मी गूळ-पाणी दगडावर ठेवलं आणि दहा पावलं मागे येऊन उभी राहिले. रेखाने तांब्या उचलला, आधी अनूला पाजलं, मग भाऊजींना दिला, मग स्वतः. नंतर ती म्हणाली, "अक्का, शेंगा विसरला की."

मी शेंगा खरंच विसरले होते. नात्यातल्या माणसाला गुळाबरोबर शेंगा. मी हसून म्हटलं, आणते. आणल्याही. पण ती रेघ आखताना माझ्या हातून जे झालं होतं, ते तिला पहिल्या मिनिटाला दिसलं असावं. मी त्यांना चार नंबरचे पाहुणे करून टाकलं होतं.

ते चौदा दिवस वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर मी उगीच सगळं काळं रंगवतेय असं होईल. संध्याकाळी उन्हं उतरली की मामंजी खुर्ची घेऊन रेघेच्या अलीकडे बसायचे, अनू पलीकडे बसायची. दोघं गोट्या खेळायचे. गोटी रेघ ओलांडून आली की मामंजी ती काठीने परत ढकलायचे, हात लावायचे नाहीत. अनू ओरडायची, आजोबा फसवतात. रेखा ओट्यावर बसून ज्वारी निवडायची. ज्वारी मी दगडावर ठेवलेली, निवडून झाली की ती परत दगडावर ठेवायची, आणि मी ती उन्हात टाकून मगच दळायची. शांतव्वा दुरून विचारायची, "ऊट आयतु?" जेवण झालं का, असं. रेखाला कन्नड येत नाही, पण तेवढं ती शिकली होती आणि मोठ्याने "आयतु, आयतु" म्हणायची. कुणाला ताप आला नाही, खोकला आला नाही.

पंधराव्या दिवशी मी त्यांना घरात घ्यायचं ठरवलं होतं. कडुलिंबाचा पाला टाकून पाणी तापवलं. आधी भाऊजी, मग अनू, मग रेखा, एकेक जण घरातल्या मोरीत आंघोळीला गेले. मी पुरण वाटून ठेवलं होतं. सण होता म्हणून नव्हे, घरात माणसं येणार म्हणून. माझं त्या दिवशीचं मन वाईट नव्हतं. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

रेखा मोरीत होती तेव्हा मी शांतव्वाला घेऊन चार नंबरमध्ये गेले. गादी, उशा, दोन चादरी. मी म्हटलं, हे सगळं आगटीत टाक. आगटी तेव्हा खोल्यांच्या मागे होती, हुरड्याची राख अजून तळाशी होती. शांतव्वाने गादी ओढत नेऊन टाकली. वर उशा टाकल्या. चादरी टाकल्या. मी काड्यापेटी दिली तेव्हा तिने हात मागे घेतला.

"ब्याड, अक्का," ती म्हणाली. ब्याड म्हणजे नको.

"अगं, रोग असतो त्याच्यात."

"ब्याड." आणि ती बाजूला जाऊन बाभळीखाली पाठ करून बसली. एरवी सांगेल ते काम करणारी बाई. का नको म्हणते हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. आपल्याकडे अंथरूण कधी जाळतात ते लहान पोरालाही माहीत असतं. माणूस गेलं की दहाव्याच्या आत त्याचं अंथरूण-पांघरूण गावाबाहेर नेऊन जाळतात. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी जाळत नाहीत. फाटलं तर गोधडी करतात, गोधडी फाटली तर बैलाच्या पाठीवर घालतात. मला हे माहीत होतं आणि त्या क्षणी मी ते बाजूला सारलं, कारण माझ्या दुसऱ्या हातात मोबाइल होता.

मी स्वतः काडी ओढली आणि व्हिडिओ काढला. कापूस आधी धुमसतो, मग एकदम पेट घेतो. मी शिबिरातल्या आवाजात बोलत होते, "आमच्याकडे प्रत्येक मुक्कामानंतर विशेष काळजी घेतली जाते. खोलीतील वापरलेले सर्व साहित्य नष्ट करण्यात आले आहे." असं 'करण्यात आले आहे' मी आयुष्यात कधी बोलत नाही.

मागे वळले तर रेखा उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. धूर आमच्या दोघींमधून जात होता. एक चादर अजून अर्धी दिसत होती, तांबडे आणि काळे चौकडे, काठ जळत होता. तिने तो काठ बघितला. तिला कळत असणार की ती कुणाच्या मागावरची आहे, ती विणकराची मुलगी. मग माझ्याकडे बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाली,

"अक्का, मी जित्ती हाय की अजून."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. घरात गेली, केस पुसले, माझ्या पुरणाला वेलदोडा कमी आहे म्हणाली आणि घातला. पुरणपोळ्या तिनेच लाटल्या. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी सहा दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. आमच्या घरात तसंच मिटतं.

त्यानंतर ते तिघं घरात पंचवीस दिवस राहिले. रेखाने त्या पंचवीस दिवसांत आमचं अंथरूण घेतलं नाही. उघड्या फरशीवर स्वतःची जुनी साडी अंथरून झोपायची. उकडतं म्हणायची. खरंच उकडत होतं, त्यामुळे मला आग्रह करता आला नाही.

व्हिडिओ मी टाकला होता. काढून टाकायला हवा होता, पण लोकांना तो आवडला. जुन्या पाहुण्यांनी अंगठे दाखवले, किती जबाबदारीने वागता म्हणाले, सगळं उघडलं की पहिले तुमच्याकडेच येऊ म्हणाले. आणि आलेही. दिवाळीनंतर चारही खोल्या भरल्या, आजूबाजूच्यांच्या रिकाम्या असताना आमच्या भरल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे उलटं झालं, अवलक्षणाला लोकांनी शाबासकी दिली. त्या शाबासकीचा मला आनंद झाला होता हे मी लपवत नाही. लाज नंतर आली, हळूहळू आली आणि गेली नाही.

गेलेल्या दोन चादरींच्या जागी नव्या हव्या होत्या म्हणून मी सिद्रामकाकांना फोन केला. त्यांना काही माहीत नसेल अशा समजुतीत होते. ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "दोन धाडतो की. एक सांगू का पोरी? उकळत्या पान्यात टाकायची चादर. दोनदा टाक, चारदा टाक. रंग पक्का हाय तिचा, जात न्हाई." मी हो म्हटलं. त्यांनी परत सांगितलं, मला ऐकू आलं नसेल असं वाटून, "रंग पक्का हाय." फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन रडले. एसटी चालू झाल्यावर दोन चादरी आल्या, घडीत कडुलिंबाचा पाला घातलेल्या.

मामंजींचा दमा हे माझं कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. मामंजींसाठी रेघ पुरेशी होती, दगड पुरेसा होता, उकळतं पाणी पुरेसं होतं. जाळलं ते खोल्यांसाठी. पुण्याहून आलेली माणसं इथे राहिली होती असं कुणी म्हणेल आणि मग गाडी थांबणार नाही, या भीतीने. परक्या पाहुण्यांना घरच्यासारखं ठेवता ठेवता मी घरच्या माणसाला परकं केलं, आणि तेही गिऱ्हाइकांना दाखवून. हे मी ह्यांना एकदाच बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फावडं घेतलं, खोल्यांमागची आगटी मातीने बुजवली आणि चिंचेखाली नवी खणली.

तर यंदा रेखा येणार म्हटल्यावर मी चार दिवस घर घासत होते. तिच्यासाठी माजघरात पलंग लावला. खोल्यांकडे नाहीच. गादी नवी, उशी नवी. कोपरे मुद्दाम दुमडले नाहीत. ते पाकिटासारखे कोपरे बघून तिला काय वाटेल कुणास ठाऊक. शेंगा भाजून डब्यात भरल्या आणि डबा दाराशी आणून ठेवला, विसरायला नको.

शनिवारी अकराच्या सुमारास गाडी आली. आता त्यांची चारचाकी आहे. अनू उतरली, ती माझ्या खांद्याला लागलीय. भाऊजी उतरले. मग रेखा उतरली आणि तिने मागचं दार उघडून एक वळकटी काढली. दोरीने बांधलेली, पातळ गादी, उशी आणि वर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चादर.

मी हातात गूळ-पाणी आणि शेंगांची वाटी घेऊन उभी होते. वळकटी बघितली आणि मला कळलं. ती मुक्कामाला आली होती, पण आमच्या अंथरुणावर झोपायला आली नव्हती. तिने पाणी घेतलं, गूळ घेतला, शेंगा मूठभर घेऊन पदरात टाकल्या.

"आत पलंग लावलाय तुझा," मी म्हटलं.

"चार नंबर रिकामी हाय का?"

"हाय." घाबरले की माझ्याही तोंडी हाय येतं.

"मग तिथंच ऱ्हाऊ की. ठावी हाय मला ती खोली."

ती स्वतः वळकटी घेऊन गेली. शांतव्वा ओटा झाडत होती, ती बाजूला झाली. रेखाने पलंगावरची आमची गादी उचलून भिंतीला उभी केली आणि आपलं अंथरूण घातलं. मी दारातूनच परत आले.

दुपारी आगटी पेटवली. गोवऱ्यांचा निखारा झाला, हे कणसं घालायला बसले. शांतव्वा भाजलेली कणसं हातावर चोळत होती, हिरवा दाणा सुपात पडत होता. मामंजींना आता दात नाहीत, तरी ते वाटी घेऊन पुढे बसले. रेखा आली आणि उभी राहून इकडेतिकडे बघायला लागली.

"आगटी खोल्यांच्या मागं हुती की. हिकडं कधी आनली?"

हे खाली मान घालून कणीस फिरवत राहिले. मी म्हटलं, "तिकडं धूर खोल्यांत जायचा."

"व्हय का," रेखा म्हणाली. खोल्यांच्या मागच्या बाजूला तिने पुन्हा एकदा बघितलं. बुजवलेल्या जागेवर ह्यांनी कढीपत्ता लावलाय, तो माणसाएवढा झालाय. मग ती बसली आणि शांतव्वाच्या हातातलं कणीस घेतलं. कणीस गरम होतं, तिला चोळता येईना. मी पदर पुढे केला. तिने माझ्या पदरात कणीस धरून चोळलं. दाणे पदरात पडले, ते आम्ही दोघींनी तिथूनच खाल्ले, चटणीला लावून. तेव्हा मी म्हणून टाकलं. ठरवलं नव्हतं.

"रेखा, त्या दिवशी मी चुकले. मामंजींसाठी नव्हतं ते. खोल्यांसाठी होतं."

ती दाणे चावत राहिली. हुरडा चावायला वेळ लागतो. मग म्हणाली, "ठाव हाय, अक्का. मी तो व्हिडिओ बघितलेला. लई शुद्ध बोलला तुमी."

मामंजी हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. मीही हसले आणि डोळ्यांत पाणी आलं. धुराचं निमित्त हाताशी होतं. माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही. दुसरं कणीस तिने घेतलं आणि अनूला चटणी कमी खा म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी त्यांना निघायचं होतं. मी डबा बांधला, कडक भाकरी, चटणी, वाटीभर कच्चा हुरडा. गाडीत सामान ठेवलं गेलं. भाऊजी बसले, अनू बसली. वळकटी दिसेना. मी चार नंबरकडे गेले. रेखा पलंगापाशी उभी राहून दोरी बांधत होती. तिने वळकटी उचलली, भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं आणि वरच्या फळीवर ठेवली.

"न्यायची नाही?" मी विचारलं.

"असू द्या की हितंच. दर खेपेला कुटं ओझं वागवायचं." मग कपाट लावता लावता म्हणाली, "चादर बाबाच्या मागावरची हाय. उकळत्या पान्यात घातली तरी चालती."

"माहीत आहे," मी म्हटलं. "रंग पक्का आहे तिचा."

त्याच दिवशी दुपारी लातूरचं एक मोठं कुटुंब आलं, चारही खोल्या लागल्या. संध्याकाळी थंडी वाढली. हे फाटकाशी होते, त्यांना चार नंबरमध्ये उतरलेल्या आजींनी हाक मारून जास्तीची चादर मागितली. ह्यांनी मला सांगितलं. तोवर बाकीच्या सगळ्या चादरी वाटून झाल्या होत्या. मी तसं सांगायला गेले तर आजी म्हणाल्या, कपाटात एक दिसतेय की वळकटीत, निळी.

मी घरात गेले, माझ्या पलंगावरचं माझं पांघरूण काढलं आणि आजींना नेऊन दिलं.

"आणि ती कपाटातली?" त्यांनी विचारलं.

"ती नाही देता येणार," मी म्हटलं. "ती आमच्या घरातल्या माणसाची आहे."

हे मागेच उभे होते. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही हा नियम त्यांचा. ते पुढे आले, आजींच्या खिडकीची फट बंद करून दिली आणि मला म्हणाले, चल, आत चल, थंडी आहे.